नील मॅकग्रेगर : संग्रहालयाची दारे उघडी ठेवणारा संचालक



भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे पहिल्यांदा लंडनला आले, की पाहण्याच्या ठिकाणांची यादी ठरलेलीच असते. बकिंगहॅम राजवाडा, टॉवर ब्रिज, लंडन आय आणि ब्रिटिश म्युझियम. लंडन आयची चार तिकिटे काढताना आपण मनातल्या मनात पौंडांचे रुपये करतो (ही सवय इथे वीस वर्षे काढली तरी जात नाही!). ब्रिटिश म्युझियमच्या दारात मात्र पाकीट खिशातच राहते. याची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की असे फुकट दार कोणीतरी जपावे लागते हे आपल्या लक्षातही येत नाही. ज्या माणसाने हे दार जपले, आणि जगातल्या अनेकांसाठी आतल्या वस्तूही दाराबाहेर नेल्या, त्या नील मॅकग्रेगर यांच्या कारकिर्दीची माहिती या लेखात आम्ही देत आहोत.

मॅकग्रेगर ऑगस्ट २००२ ते डिसेंबर २०१५ या काळात ब्रिटिश म्युझियमचे संचालक होते. एप्रिल २०१५ मध्ये त्यांनी निवृत्तीचा निर्णय जाहीर केला, तेव्हा इथल्या वृत्तपत्रांत त्यांच्यावर रकानेच्या रकाने भरून लिहिले गेले. एरवी निवृत्त होणाऱ्या सरकारी संस्थेच्या प्रमुखाच्या वाट्याला शाल, श्रीफळ आणि दोन भाषणे यापलीकडे फारसे काही येत नाही, ते इकडे काय आणि तिकडे काय. यांच्या बाबतीत वेगळे का घडले, ते समजून घेण्यासारखे आहे. शिवाय त्यांच्या कामाचा एक धागा थेट मुंबईपर्यंत जातो, तेव्हा आपल्या वाचकांना त्यात जास्तच रस वाटेल.

वकिली सोडून चित्रांकडे

मॅकग्रेगर यांचा जन्म १९४६ साली ग्लासगोचा. आई-वडील दोघेही डॉक्टर. ऑक्सफर्डला आधुनिक भाषा, पॅरिसला तत्त्वज्ञान आणि मग एडिंबरोला कायदा असे त्यांचे शिक्षण झाले. १९७२ साली सनद घेऊन त्यांनी वकिलीही सुरू केली. आपल्याकडे एखाद्या मुलाने एवढ्यावर थांबून "आता मला चित्रकलेचा इतिहास शिकायचा आहे" असे म्हटले असते, तर घरात काय झाले असते याची कल्पना आपण करू शकतो. मॅकग्रेगर यांनी नेमके तेच केले. लंडनच्या कोर्टोल्ड इन्स्टिट्यूटचे प्रमुख अँथनी ब्लंट यांनी त्यांची हुशारी हेरली आणि त्यांना कलेतिहासाकडे वळवले. (पुढे १९७९ साली सोव्हिएत रशियाचे हेर म्हणून ज्यांचे नाव जाहीर झाले, तेच हे ब्लंट. पण तो विषय वेगळा.)

त्यानंतर काही वर्षे रेडिंग विद्यापीठात अध्यापन आणि १९८१ पासून 'बर्लिंग्टन मॅगझिन' या कलाविषयक मासिकाचे संपादन. १९८७ साली वयाच्या चाळिशीत त्यांची ट्राफल्गार चौकातल्या नॅशनल गॅलरीच्या संचालकपदी नेमणूक झाली, तेव्हा अनेकांनी भुवया उंचावल्या. संग्रहालय चालवण्याचा त्यांना काहीच अनुभव नव्हता. तिथे ते पंधरा वर्षे राहिले. त्यांच्याच काळात, १९९१ साली गॅलरीची सेन्सबरी विंग खुली झाली. कोणत्या देशाचे चित्र यापेक्षा ते कोणत्या काळातले, या क्रमाने चित्रांची मांडणी झाली. ते स्वतः टेलिव्हिजनवर येऊन चित्रे समजावून सांगू लागले. २००० साली त्यांनी ख्रिस्ताच्या प्रतिमेवर भरवलेले 'सीइंग सॅल्व्हेशन' हे प्रदर्शन पाहायला लोकांनी रांगा लावल्या. चर्चमध्ये सहसा न जाणाऱ्या देशात हे झाले, हे विशेष.

त्या काळी इथल्या काही राष्ट्रीय संग्रहालयांनी प्रवेश फी सुरू केली होती. सरकारी अनुदान अपुरे पडत होते आणि तिकीट लावणे हा सोपा उपाय होता. नॅशनल गॅलरी आणि ब्रिटिश म्युझियम मात्र फुकटच राहिली. मॅकग्रेगर हे मोफत प्रवेशाच्या बाजूने ठामपणे बोलणाऱ्यांपैकी एक होते. त्यांचे म्हणणे साधे होते. ही चित्रे जनतेच्या मालकीची आहेत आणि आपल्याच घरात शिरायला कोणी तिकीट काढत नाही. फुकट असले, की माणूस दुपारच्या सुट्टीत वीस मिनिटे येऊन एकच चित्र पाहून जाऊ शकतो. तिकीट असले, की पैसे वसूल करण्यासाठी तो सगळे बघतो आणि काहीच पाहत नाही. आम्हाला हे फार पटते. डिसेंबर २००१ मध्ये फी घेणाऱ्या इतर राष्ट्रीय संग्रहालयांचीही दारे सर्वांना मोफत उघडली. आज आपण मुलांना घेऊन साऊथ केन्सिंग्टनला डायनोसॉर पाहायला जातो, ते त्या निर्णयामुळे.

डबघाईला आलेले घर

२००२ साली मॅकग्रेगर ब्रिटिश म्युझियममध्ये आले, तेव्हा संस्थेची परिस्थिती बिकट होती. दोनच वर्षांपूर्वी मधला चौक काचेच्या छताखाली घेऊन 'ग्रेट कोर्ट' बांधून झाला होता. तो देखणा होता, पण तिजोरीत खडखडाट होता. काही दशलक्ष पौंडांची तूट, नोकरकपात, माणसे नाहीत म्हणून आळीपाळीने बंद ठेवलेली दालने. त्या जूनमध्ये तर कर्मचाऱ्यांच्या संपामुळे म्युझियम एक दिवस पूर्ण बंद राहिले होते.

हे म्युझियम १७५३ साली पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाले आणि १७५९ साली लोकांसाठी उघडले. सर हॅन्स स्लोन या डॉक्टरांचा प्रचंड संग्रह ही त्याची सुरुवात. स्लोन यांच्या संपत्तीत जमैकातल्या, गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या उसाच्या मळ्यांचाही पैसा होता, हे आता म्युझियमच मोकळेपणाने सांगते. राजाच्या किंवा चर्चच्या मालकीचे नाही तर विश्वस्तांच्या ताब्यातले, आणि जिज्ञासू अशा कोणालाही मोफत पाहता येईल असे राष्ट्रीय संग्रहालय ही त्या काळी नवी कल्पना होती. मॅकग्रेगर यांनी तीच अडीचशे वर्षांपूर्वीची सनद झटकून पुन्हा समोर ठेवली. २००३ साली म्युझियमचा अडीचशेवा वाढदिवस होता. त्या निमित्ताने जुन्या राजग्रंथालयाच्या लांबलचक दालनात अठराव्या शतकातला माणूस जग कसे समजून घेत होता, हे सांगणारे नवे दालन उघडले.

पुढच्या दहा-बारा वर्षांत काय झाले ते आकड्यांवरूनच कळते. चीनच्या पहिल्या सम्राटाच्या मातीच्या सैनिकांचे प्रदर्शन (२००७-०८) साडेआठ लाखांहून अधिक लोकांनी पाहिले. १९७२ च्या तुतनखामेन प्रदर्शनानंतर तिथे एवढी गर्दी झाली नव्हती. मग रोमन सम्राट हेड्रियन, इराणचा शाह अब्बास, जोधपूरच्या दरबारी चित्रांचे 'गार्डन अँड कॉसमॉस' (२००९), हज यात्रेवरचे प्रदर्शन (२०१२), पॉम्पेई (२०१३) अशी रांगच लागली. २०१३ या एका वर्षात म्युझियमला सुमारे ६७ लाख भेटी झाल्या. हजच्या प्रदर्शनाचा उल्लेख मुद्दाम करावासा वाटतो. लंडनमधल्या २००५ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुसलमान शेजाऱ्याकडे संशयाने पाहिले जाण्याच्या काळात, शहराच्या मध्यभागी असे प्रदर्शन भरवणे हे नुसते कलेचे काम नव्हते.

बगदाद, तेहरान आणि एक मातीचे नळकांडे

एप्रिल २००३ मध्ये अमेरिका-ब्रिटनचे सैन्य बगदादमध्ये शिरले आणि इराकचे राष्ट्रीय संग्रहालय लुटले गेले. ब्रिटिश सरकार त्या युद्धात सामील होते आणि ब्रिटिश म्युझियम सरकारी अनुदानावर चालते. अशा संस्थेच्या प्रमुखाने गप्प बसणे सोयीचे होते. मॅकग्रेगर गप्प बसले नाहीत. महिनाअखेरीच्या आत म्युझियममध्ये तज्ज्ञांची बैठक झाली आणि बगदादच्या संग्रहालयाचे डॉनी जॉर्ज तिला हजर होते. मदतीसाठी तज्ज्ञ पाठवण्यात आले. पुढे प्राचीन बॅबिलॉनच्या अवशेषांवर परदेशी सैन्याने तळ ठोकल्याने काय नुकसान झाले, याचा अहवाल म्युझियमच्याच जॉन कर्टिस यांनी तयार केला. २००५ च्या सुरुवातीला तो जाहीर झाला, तेव्हा लष्कराला तो अजिबात आवडण्यासारखा नव्हता.

इराणची गोष्ट आणखी रंगतदार आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये भाजलेल्या मातीचे एक नळकांडे आहे. वीतभर लांबीचे, पिंपासारखे मधे फुगलेले, आणि त्यावर बारीक कीलाक्षरी लिपी. हा 'सायरस सिलिंडर'. इराणचा सम्राट सायरस याने इसवी सनपूर्व ५३९ मध्ये बॅबिलॉन जिंकले, त्यानंतर लिहिलेला हा मजकूर. परागंदा केलेल्या लोकांना आणि त्यांच्या देवांच्या मूर्तींना आपापल्या ठिकाणी परत पाठवल्याचे त्यात म्हटले आहे. १८७९ साली हॉर्मुझ्द रस्साम यांच्या उत्खननात तो बॅबिलॉनला सापडला. इराणी माणसाला या वस्तूबद्दल जे वाटते, त्याची तुलना आपल्याला महाराजांच्या तलवारीबद्दल जे वाटते त्याच्याशीच करता येईल.

इराणने ब्रिटिश म्युझियमला दोन मोठ्या प्रदर्शनांसाठी आपल्याकडच्या वस्तू उसन्या दिल्या होत्या, आणि बदल्यात सिलिंडर काही महिने तेहरानला पाठवण्याचे ठरले होते. मधल्या काळात दोन्ही देशांचे संबंध इतके बिघडले, की २०१० च्या फेब्रुवारीत इराणने म्युझियमशी संबंध तोडल्याचे जाहीर केले. एकदा पाठवला तर परत येणार नाही, असे सांगणारे पुष्कळ होते. तरीही सप्टेंबर २०१० मध्ये सिलिंडर तेहरानला गेला. लाखो इराणी लोकांनी तो पाहिला. मुदत वाढवून मागितली, ती मिळाली, आणि एप्रिल २०११ मध्ये तो ठरल्याप्रमाणे लंडनला परतला. राजदूतांना जे जमत नव्हते ते एका मातीच्या नळकांड्याने केले, असे म्हणायला हरकत नाही.

हाच सिलिंडर अमेरिकेतली शहरे फिरून २०१३ च्या अखेरीस आपल्या मुंबईला आला. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात (आपल्यापैकी अनेकांच्या तोंडी अजूनही 'प्रिन्स ऑफ वेल्स') तो काही आठवडे होता. मुंबईत वाढलेल्या प्रत्येकाला सायरस नावाचा एखादा वर्गमित्र किंवा शेजारी आठवत असेल. इराण सोडून हजार-बाराशे वर्षे झालेल्या पारशी समाजाच्या दृष्टीने तो नावाचा मूळपुरुषच भेटायला आल्यासारखे होते.

शंभर वस्तू

मॅकग्रेगर यांचे नाव घराघरांत पोचले ते रेडिओमुळे. जानेवारी २०१० पासून बीबीसीच्या रेडिओ ४ वर 'अ हिस्टरी ऑफ द वर्ल्ड इन १०० ऑब्जेक्ट्स' ही मालिका सुरू झाली. म्युझियममधल्या शंभर वस्तू, प्रत्येकीवर पंधरा मिनिटे, आणि सांगणारे स्वतः संचालक. जी वस्तू पाहायची ती रेडिओवर, म्हणजे न दाखवता सांगायची, ही कल्पना ऐकायला वेडगळ वाटते. पण ज्यांनी लहानपणी आकाशवाणीवर क्रिकेटचे धावते वर्णन ऐकले आहे, त्यांना कान डोळ्यांचे काम करू शकतात हे सांगायला नको.

या शंभरांत राजे-महाराजांच्या वस्तू थोड्या आणि साध्या माणसांच्या जास्त. टांझानियातल्या ओल्डुवाई घळीतले दगडी हत्यार आहे, तसे मतदानाचा हक्क मागणाऱ्या स्त्रियांनी घोषणा ठोकलेले इंग्लंडचे एक पेनीचे नाणे आहे. शेवटून दुसरी वस्तू क्रेडिट कार्ड आणि शंभरावी वस्तू सौरऊर्जेवर चालणारा दिवा. आपल्याकडचे म्हणाल तर सिंधू संस्कृतीची मुद्रा आहे, तिची लिपी अजून कोणाला वाचता आलेली नाही. अशोकाच्या स्तंभलेखाचा तुकडा आहे. गुप्त सम्राट पहिला कुमारगुप्त याची सोन्याची नाणी आहेत, त्यांतल्या एकावर अश्वमेधाचा घोडा आहे. आणि चक्क आपला भीमही आहे, पण जावा बेटावरून आलेला. तिथल्या सावल्यांच्या खेळातली ही चामड्याची बाहुली आहे. बहुसंख्य मुसलमान असलेल्या बेटावर महाभारत अजून रात्ररात्र रंगते, हे इथे जन्मलेल्या आपल्या मुलांना ऐकवण्यासारखे आहे.

मॅकग्रेगर यांची सांगण्याची पद्धत कशी होती, त्याचे एक उदाहरण देतो. स्लोन यांच्या संग्रहात एक छोटा ढोल आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून आलेला, म्हणून तो तिथल्या मूळ रहिवाशांचा असेल असे बराच काळ मानले गेले. पुढे लाकूड आणि घडण तपासली तेव्हा कळले, की ढोल पश्चिम आफ्रिकेतला आहे. म्हणजे तो गुलामांच्या जहाजातून समुद्र ओलांडून आला. वस्तू एवढीशी, पण तिच्यात तीन खंडांचा इतिहास. तसाच इंग्लंडमधला १८४० च्या सुमाराचा एक चहाचा संच. इंग्रजांचा म्हणून ओळखला जाणारा चहा म्हणजे चीन आणि आसामचे पान, वेस्ट इंडीजच्या मळ्यांची साखर आणि त्यामागचे साम्राज्य, हे ते कपबशीवरून सांगतात. दुपारच्या चहाला हे ऐकले, तर पुढचा घोट घेताना माणूस थोडा थांबतो.

या प्रकल्पासाठी ब्रिटिश म्युझियमला २०११ चा आर्ट फंड पुरस्कार मिळाला. मॅकग्रेगर यांना २०१० साली 'ऑर्डर ऑफ मेरिट' हा सन्मान मिळाला होता. एका वेळी चोवीसच हयात व्यक्तींना तो दिला जातो.

याच सुमाराची आणखी एक वस्तू सांगायलाच हवी. मोझांबिकमधल्या यादवी युद्धानंतर लोकांनी परत केलेल्या बंदुका कापून-जोडून केस्टर या कलावंताने २००१ साली एक खुर्ची बनवली. म्युझियमने ही 'शस्त्रांची खुर्ची' विकत घेतली आणि ती देशभर फिरवली. शाळांत, चर्चमध्ये आणि तुरुंगातसुद्धा. जे लोक म्युझियममध्ये येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे म्युझियमने जावे, हा त्यामागचा विचार. मुंबईच्या आपल्या वस्तुसंग्रहालयानेही २०१५ पासून बसमध्ये फिरते संग्रहालय सुरू केले आहे. खेड्यांतल्या आणि शहरांतल्या शाळांपर्यंत ती बस जाते.

पण या वस्तू आल्या कुठून?

आता जो प्रश्न प्रत्येक भारतीयाच्या मनात येतो, त्याकडे येऊ. आपली मुलेही तो विचारतात आणि कधी कधी बरेच मोठ्याने विचारतात. "हे आपले आहे ना? मग इथे का?"

मॅकग्रेगर यांच्या कारकिर्दीत सर्वांत जास्त टीका झाली ती यावरच. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरातली शिल्पे ग्रीस कित्येक दशके परत मागत आहे. १९६३ च्या ब्रिटिश म्युझियम कायद्यानुसार विश्वस्तांना संग्रहातल्या वस्तू, थोडे अपवाद सोडले तर, देऊन टाकता येत नाहीत. पण मॅकग्रेगर कायद्याआड लपले नाहीत. सर्व जगाच्या संस्कृती एका छताखाली शेजारी-शेजारी पाहता येणे याला स्वतंत्र मोल आहे, आणि जगाच्या वस्तू जगाला उसन्या देत राहणे हे म्युझियमचे कर्तव्य आहे, अशी त्यांची भूमिका होती. डिसेंबर २०१४ मध्ये त्यांनी पार्थेनॉनच्या शिल्पांपैकी इलिसोस या नदीदेवतेची मूर्ती सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयाला पाठवली. ग्रीसचे पंतप्रधान भडकले. अथेन्सला द्यायची नाही आणि रशियाला, तेही क्रिमिया गिळल्याच्या वर्षी, हा प्रकार कोणालाही बोचण्यासारखाच होता.

आम्हाला स्वतःला त्यांचे म्हणणे अर्धे पटते. शेजारी-शेजारी पाहण्याचा फायदा खरा आहे. पण ते 'एक छत' लंडनमध्येच का, याचे उत्तर अखेर साम्राज्याच्या इतिहासातच सापडते. आंध्रातल्या अमरावती स्तूपाची सव्वाशेच्या आसपास शिल्पे ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ती पाहायला गुंटूरच्या शाळकरी मुलाने व्हिसा काढून यायचे, हे न्याय्य आहे असे म्हणवत नाही. शिवाय वस्तू इथेच सुरक्षित राहतात हा युक्तिवाद आता पूर्वीसारखा करता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियममधून सुमारे २००० वस्तू गहाळ, चोरीला गेल्याचे किंवा खराब झाल्याचे उघड झाले आणि मॅकग्रेगर यांच्यानंतर आलेले संचालक हार्टविग फिशर यांना राजीनामा द्यावा लागला.

तरीही एक गोष्ट मान्य करायला हवी. 'द्यायचे नाही' एवढेच म्हणून थांबलेले संचालक पुष्कळ झाले. मॅकग्रेगर यांनी निदान वस्तू हलत्या ठेवल्या. २०२४ च्या जुलैत व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची वाघनखे तीन वर्षांच्या मुदतीवर महाराष्ट्रात आली आणि साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली, तेव्हा आपल्याकडे दोन्ही बाजूंनी वाद झाले. उसनी कशाला, कायमची का नाही? आणि ती महाराजांचीच कशावरून? तो व्यवहार वेगळ्या संस्थेचा आणि मॅकग्रेगर यांच्या नंतरच्या काळातला. पण मुदतीवर का होईना, वस्तू मूळ मातीत जाऊ शकते, ही वाट रुळण्यात तेहरान आणि मुंबईच्या त्या फेऱ्यांचा वाटा आहे असे आम्हाला वाटते.

मुंबईचे नाते

निवृत्ती जाहीर करताना मॅकग्रेगर यांनी पुढे काय करणार तेही सांगितले होते. बर्लिनमध्ये उभ्या राहणाऱ्या हुम्बोल्ट फोरमचे काम, रेडिओवर नवी मालिका, आणि तिसरे म्हणजे मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाबरोबर, तिथले संचालक सब्यसाची मुखर्जी यांच्यासोबत जागतिक संस्कृतींच्या मांडणीवर काम. बर्लिन आणि मुंबई एका दमात, हे वाचून आमच्यातल्या मुंबईकरांची छाती थोडी फुगली होती!

त्या संस्थेबद्दल दोन ओळी. १९०५ साली पायाभरणी, पहिल्या महायुद्धात लष्करी इस्पितळ म्हणून वापर, आणि १९२२ साली लोकांसाठी खुले. इमारत जॉर्ज विटेट यांची. १९९८ पासून छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव. सदाशिव गोरक्षकर यांच्यासारखा अभ्यासू मराठी संचालक या संग्रहालयाला १९९६ पर्यंत दीर्घकाळ लाभला होता. त्यांना २००३ साली पद्मश्री मिळाली आणि जुलै २०१९ मध्ये ते गेले. मुंबईचे हे घर मुळातच भक्कम होते. ब्रिटिश म्युझियमही २००६ पासून दर उन्हाळ्यात वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहालयांच्या माणसांना प्रशिक्षणासाठी बोलावते आणि त्यात भारतातलेही लोक येऊन गेले आहेत. ओळख अशी जुनी होती.

नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईत 'इंडिया अँड द वर्ल्ड' हे प्रदर्शन उघडले. नऊ कथांमधून जगाचा इतिहास. सुमारे दोनशे वस्तू, त्यांपैकी जवळजवळ निम्म्या ब्रिटिश म्युझियमच्या आणि उरलेल्या भारतातल्या संग्रहांमधल्या. मांडणी ब्रिटिश म्युझियमचे जे. डी. हिल आणि दिल्लीचे नमन आहुजा यांनी मिळून केली. लंडनहून तयार खोकी आली आणि इथे उघडली, असा प्रकार नव्हता. तमिळनाडूतल्या अत्तिरंपक्कमची दगडी कुऱ्हाड आफ्रिकेतल्या हत्याराशेजारी, कुशाण राजाचा पुतळा रोमन सम्राट हेड्रियनच्या शेजारी. थाळी फेकणारा प्रसिद्ध ग्रीक-रोमन खेळाडू फोर्टमध्ये येऊन उभा राहिला. आपल्या इतिहासाकडे 'जगाचा एक भाग' म्हणून पाहायची ही संधी मुंबईच्या शाळकरी मुलांना चर्चगेटच्या लोकलने जाऊन मिळाली. पुढे ते दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातही गेले. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईत भारत, इजिप्त, असीरिया, ग्रीस आणि रोम यांची प्राचीन शिल्पे एकत्र मांडणारे प्रदर्शन उघडले. त्यात ब्रिटिश म्युझियमबरोबर बर्लिनची सरकारी संग्रहालये आणि अमेरिकेतले गेटी म्युझियमही सहभागी होते. 'एक छत लंडनमध्येच का' या प्रश्नाला दिलेले हे सुरुवातीचे उत्तर म्हणता येईल.

पाहायला जाल तेव्हा

ब्रिटिश म्युझियम ग्रेट रसेल स्ट्रीटवर आहे. टॉटनहॅम कोर्ट रोड, हॉबर्न आणि रसेल स्क्वेअर ही तिन्ही ट्यूब स्टेशने चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. प्रवेश आजही मोफत आहे. गर्दीच्या दिवसांत आधी संकेतस्थळावर मोफत वेळ नोंदवली तर रांग टळते. खास प्रदर्शनांना मात्र तिकीट असते. सायरस सिलिंडर दालन ५२ मध्ये आणि भारतीय शिल्पे दालन ३३ मध्ये असतात. अमरावतीची शिल्पे त्याला लागूनच, ३३ अ मध्ये. दुरुस्तीसाठी दालने अधूनमधून बंद असतात, म्हणून निघण्यापूर्वी पाहून घ्यावे. आजी-आजोबा बरोबर असतील तर एका दिवसात सगळे पाहण्याचा हट्ट धरू नका, दोन दालने पुरेत. ज्यांना लंडनला येणे शक्य नाही, त्यांच्यासाठी 'शंभर वस्तू' मालिका पुस्तकरूपानेही निघालेली आहे. एकेक प्रकरण लहान आहे, तेव्हा मुलांना रात्री झोपताना वाचून दाखवायला सोयीचे. आमच्याकडे सुरुवात भीमापासून झाली होती.